मधली आईला अव्वा म्हणते

चीनचा विषय मी निवडला नव्हता. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सेमिनारचे विषय वाटले, त्या दिवशी आमच्या गावाकडची एसटी उशिरा आली. मी वर्गात पोचलो तोवर पंचायत राज, सहकार, आरक्षण असे ओळखीचे विषय संपले होते. उरलं होतं ‘चीनचे लोकसंख्या धोरण आणि त्यातील सुधारणा’. सर म्हणाले, “घे की. चीनला जायचं नाहीये, ग्रंथालयात जायचंय.” मी होय म्हणालो. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात आलेलं नाही. त्यामुळं सरांना नाही कसं म्हणायचं, हे मला अजून नीट जमत नाही.

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढं. घरी भाताची शेती आणि दोन म्हशी. आम्ही तिघं भावंडं. थोरली बहीण लग्न होऊन गेली, मधली कोल्हापुरात औषधाच्या दुकानात काम करते आणि शेवटचा मी. थोरली आणि मी आईला आई म्हणतो. मधली मात्र अव्वा म्हणते. घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, “ही पोरगी कर्नाटकातली हाय काय?” वडील सांगतात, “लहानपणी गडहिंग्लजकडं मावशीजवळ शाळेला हुती. तिकडनं आणलंय ते.” मावशीचं गाव सीमेजवळ आहे आणि तिथं आईला अव्वाच म्हणतात. मला हे उत्तर पुरेसं वाटायचं. आमच्या घरातली ती एक गंमत होती, इतकंच.

मला चिनी येत नाही. इंग्रजीतलं वाचायलाही शब्दकोश शेजारी लागतो. तरी वाचत गेलो. एका जोडप्याला एकच मूल, असा नियम तिथं बरीच वर्षं होता. खेड्यांत बऱ्याच ठिकाणी पहिली मुलगी झाली तर दुसऱ्याला परवानगी मिळायची. त्यापुढचं मूल झालं तर दंड. दंड टाळायला लोक मुलं लपवायचे. अशा मुलांची सरकारी नोंद नसायची, आणि नोंद नाही म्हणून शाळेपासून सगळंच अडायचं. पुढं अशा मुलांची नोंद करून घ्यायचं ठरलं. मग सगळ्यांना दोन मुलं चालू लागली, नंतर तीन. आता तर मुलं व्हावीत म्हणून सरकारच लोकांच्या मागं लागलं आहे.

हे सगळं मी टिपून घेत होतो. मग एका लेखात वाचलं, की मुलग्यासाठी जागा राहावी म्हणून काही घरांनी मुलगी नातेवाइकांच्या घरी ठेवली. ती मुलगी मावशीला किंवा आत्याला आई म्हणून वाढली. मी ते वाक्य परत वाचलं. शब्दकोश लागला नव्हता, तरी परत वाचलं.

शनिवारी मधली ताई आणि मी कोल्हापुरातून एकाच एसटीनं गावी जातो. ती खिडकीशी बसली होती. हा विषय मिळाल्यापासून ती मला चिनी म्हणते.

“काय चिनी, कुठवर आलं?”

“तुला एक विचारू?”

“विचार की. नुसतं चीनचं नको.”

“चीनचंच हाय.”

मी लेखातलं सांगितलं. तिनं बाहेर बघत ऐकलं.

“तुला ठाऊक न्हवतं व्हय?” ती म्हणाली.

“न्हाय.”

“तू अंगणवाडीत हुतास. तुला कोण सांगंल?”

मग तिनं सांगितलं. त्या वर्षी आमच्या वॉर्डातली पंचायतीची जागा बायकांसाठी राखीव झाली होती. आईनं गावातल्या बायकांची दूध संस्था उभी केली होती, म्हणून बायका म्हणाल्या, तूच उभी राहा. आईलाही मनापासून हवं होतं. पण दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर आपल्याकडं पंचायतीला उभं राहता येत नाही. गावातले एक पुढारी घरी येऊन चहा प्यायले आणि म्हणाले, एक पोर नात्यात दत्तक दाखवा, काम होतंय. मावशीला मूल नव्हतं.

“पोरगा तर कोण देत न्हाय,” ताई म्हणाली. “थोरली घरकामाला लागायची. मग राहिलं कोण?” आणि ती हसली.

“पण तिसरा मी हुतो. नियम माझ्यामुळं आडवा आला.”

“व्हय. पण गेले मी.”

कंडक्टर तिकिटं बघून पुढं गेला.

“मावशी लई माया करायची,” ती थोड्या वेळानं म्हणाली. “मला अव्वा म्हण, असं तिनंच शिकवलं. मग अर्ज भरायच्या आधी आई अचानक आली, न्यायला. मला इतका राग हुता की मी तिला मुद्दाम म्हटलं, मावशी, बस की, चहा घेतीस?”

“मग?”

“घेतला तिनं चहा. मग माझी पिशवी भरली. कोल्हापूरच्या स्टँडपर्यंत बोलली न्हाय. घरी आल्यावर मला आई म्हणाय तोंड उघडंना. मावशी म्हटलं की ती रडायची. मग अव्वा म्हणाय लागले. दोघींचं भागलं.”

मी घाबरत विचारलं, “सेमिनारमधी हे सांगू?”

“न्हाय. चीनचं सांग. तिथली लोकं काय आपल्याला वळखत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई धार काढत होती. मी गोठ्याच्या दारात उभा राहिलो. थेट विचारायचं धाडस होत नव्हतं, म्हणून म्हणालो, “आई, तू पंचायतीला का उभी राहिली न्हाईस?”

तिनं हात थांबवला नाही. “कुणी सांगितलं? मधलीनं?”

“व्हय.”

“उभी राहिले असते तर निवडून आले असते,” ती म्हणाली.

“वाईट वाटतं?”

“वाटतंय की. डेअरीसमोरचा रस्ता बघ जाऊन, अजून तसाच हाय.” मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून ती उठली. “पोरीला आणलं, त्याचं न्हाय वाटत. दोन्ही येगळं हाय.”

चरवी उचलताना तिनं विचारलं, “तुझ्या चीनमधी आता किती चालत्यात?”

“तीन.”

“आन् हितं?”

“पंचायतीला उभं राहायचं तर दोनच.”

“मग तुला तिकडंच जल्माला घालायला पाहिजे हुतं.”

परसातून ताईचा आवाज आला, “अव्वा, त्याला हितलं इंग्रजी येईना, तिथलं चिनी कवा येणार?” दोघी हसल्या. मीही हसलो. पण ‘अव्वा’ हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला.

सेमिनार झाला. घरातलं काही सांगितलं नाही. शेवटी सरांनी विचारलं, “नियम सैल झाला म्हणजे सुधारणा पूर्ण झाली, असं म्हणायचं का?” माझ्याजवळ लिहून आणलेलं उत्तर होतं. म्हाताऱ्यांची वाढती संख्या, कमी होणारे कामगार, शहरातला मूल वाढवण्याचा खर्च. तेवढं वाचलं. मग तोंडातून निघालं, “सर, नियम मागं घेता येतो. पण त्यापायी पाठवलेल्या मुलीला आणायला कुणाला तरी एसटीनं जावं लागतं.” चीनमध्ये एसटी म्हटल्यावर वर्ग खो खो हसला. मी खाली बसलो.

नंतर वऱ्हांड्यात सरांना गाठलं आणि आपल्याकडच्या नियमाचं विचारलं. एखाद्यानं तिसरं मूल झाल्यावर एक मूल दत्तक दिलं, तर चालतं का? सर म्हणाले, “नाही. कोर्टानं ते केव्हाच निकालात काढलंय. जन्म दिला की मोजलं. कुणाच्या घरी वाढतं, याला अर्थ नाही.”

पुढच्या शनिवारी एसटीत ताईला हे सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. मलकापूर जवळ आल्यावर सांगितलं.

“म्हंजे मी फुकटच गेलते,” ती म्हणाली.

“व्हय.”

“आन् न्यायला आली नसती, तरी तिला उभं राहता आलं नसतं.”

“न्हाय.”

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. मलकापूर आलं, तिथं गाडी बदलायची होती. स्टँडवर गर्दीतून वाट काढत ती पुढं चालली आणि मागं न बघता म्हणाली, “लिही तुला लिहायचं ते. नाव कुणाचं घालू नको. आन् फुकट गेलते ते अव्वाला वाचून दाखवू नको.”