पन्नास पावलांवरचा कालवफोड्या

पहाटे पाचला कोरेगाव सोडलं. गाडी बिराप्पाची, घाई माझी आणि हट्ट वसंताचा.

वसंता कोरेगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. तळ्यावरचा, माळावरचा एकेक पक्षी त्यानं कागदावर उतरवलाय. राहिला होता समुद्रकाठचा कालवफोड्या. पण साखरेनं वसंताच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत. पन्नास पावलांपलीकडं त्याला सगळं धुरकट, आणि दुर्बीण लावली तर तेच धुकं मोठं दिसतं. सोमवारी ऑपरेशन होतं. नजर राहीलच अशी हमी डॉक्टरांनी दिली नव्हती. "त्याच्या आधी येकदा जवळनं बघायचाय, गड्या," एवढंच तो म्हणाला. मी फौजेतला निवृत्त सुभेदार. मला मोहीमच मिळाली.

पाटण, कोयना करत कुंभार्ली घाट उतरलो. चिपळूण मागं पडलं तशी हवा चिकट झाली आणि माझा सदरा पाठीला चिकटला. दहाच्या सुमारास गुहागरच्या पुढं एका खाडीच्या तोंडाशी पोहोचलो. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या खडकांवर एक बाई कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) फोडत बसली होती.

"मावशी, काळापांढरा, लांब लाल चोचीचा पक्षी दिसतो का इथं?" मी विचारलं.

"दिसतो की! ते बघा, वाळूच्या टोकाला बसलेत. पण माणूस जवळ गेला की उडतात हो. आणि भरती लागली की मागं फिरा."

सात पक्षी होते. मी वसंताचा दंड धरला आणि सरळ निघालो. दीडशे पावलांवर असतानाच सगळे उडाले आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. दुसऱ्या वेळी वाकून गेलो. गुडघे बोंबलले, पण पुन्हा तेच. "पांढरं कायतरी हललं खरं," वसंता माझं मन राखायला म्हणाला. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच बिराप्पावर डाफरलो.

बिराप्पा माझ्याच पलटणीतला. जतचा धनगर, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. तो वाळूत बसून हसत होता.

"आवं सुभेदार, तुमी तर चौकी घ्यायला निघाल्यागत चाललाय! बुजरं मेंढरू असं घावतंय व्हय? त्येच्याकडं बघायचं न्हाई, नीट त्येच्या अंगावर जायचं न्हाई. आपलं चरत चरत जायचं."

मग आम्ही तिघं चरत निघालो. दहा पावलं आडवी टाकायची, बसायचं, पक्ष्यांकडं पाठ करायची, पुन्हा उठायचं. बिराप्पा निवांत तंबाखू मळत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. तासभर हेच चाललं. पाणी घोट्यापर्यंत चढलं.

"भरती लागली रं, फिरूया मागं," मी कुजबुजलो.

"बसा गप! पाणी आपलंच काम करतंय. त्यास्नी हिकडंच ढकलतंय."

पुन्हा पाठ करून बसलो. थोड्या वेळानं तो पुटपुटला, "आता वळा. हळू."

तीस पावलं! तीसच असतील, जास्त नाहीत. एक कालवफोड्या पुढं होता. शिंपल्याच्या फटीत चोच घालून तो कुलूप उघडावं तसा शिंपला उघडत होता. वसंतानं वही काढली नाही. तो नुसता बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मग एक मोठी लाट आली, आम्ही कमरेपर्यंत भिजलो, पक्षी ओरडत उडाले आणि आम्ही तिघे म्हातारे त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो. अख्ख्या नोकरीत मला इतका आनंद झाला नव्हता.

ओल्या कपड्यांनीच भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) खाल्ला. मावशीनं वर वाटीभर कालवांचं कालवण दिलं. "मघाशी चाललं होतं ते नक्की काय?" तिनं विचारलं. "चरत हुतो," बिराप्पा म्हणाला.

दिवेलागणीला कोरेगावात शिरलो. वहिनी दारातच उभ्या होत्या.

"दिसला का ओ?"

"दिसला? अगं, डोळा लालभडक हाय त्येचा!" वसंता गाडीतून उतरता उतरता सांगू लागला. "भोवतीनं बारीक केशरी कड. शिंपला फोडताना मान जरा तिरकी करतोय."

माझी नजर ठणठणीत आहे, पण त्या पक्ष्याचा डोळा लाल होता की काळा, मला सांगता आलं नसतं. तेवढा सगळा वेळ मी वसंताकडंच बघत होतो.