पोटात घातलेली चूक

गल्लीत त्यांना सगळे मुके मिस्त्री म्हणायचे. मुके ते अजिबात नव्हते. घसा चांगला खणखणीत होता. पण सोफे-खुर्च्या दुरुस्त करायच्या त्यांच्या दुकानात कधीही डोकवा, मिस्त्रींचं तोंड मिटलेलं आणि एक गाल फुगलेला. कारण तोंडात चुका. चुका म्हणजे चपट्या डोक्याचे बारीक काळे खिळे, ज्यांनी खुर्चीच्या सांगाड्यावर कापड ठोकतात. सकाळी दुकान उघडलं की मिस्त्री डब्यातून चिमूटभर चुका उचलून शेंगदाणे टाकावेत तशा तोंडात टाकत आणि कामाला बसत. डाव्या हातानं कापड ताणलेलं, उजव्या हातात टोकाला लोहचुंबक असलेली हातोडी. जीभ आतल्या आत एक चूक फिरवून तिचं डोकं ओठांबाहेर काढायची, हातोडी ओठांशी जाऊन ती अलगद टिपायची, आणि ठक. पुन्हा ओठांशी, पुन्हा ठक. बघणाऱ्याला वाटे, हा माणूस हातोडीचे मुके घेतोय. गल्लीतल्या टवाळांनी त्यांच्या नावाचा हा दुसरा अर्थ कधीच काढून ठेवला होता.

त्याच दुकानात, खिडकीखाली, त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र होतं. मिस्त्रींच्या खुर्च्यांची सगळी कापडं ती शिवायची. तिचा हात यंत्रावर चाले तेवढीच जीभही चाले. गिऱ्हाइकांच्या तऱ्हा, शेजारणीचं जावेशी झालेलं नवं भांडण, भाजीवाल्यानं मापात केलेली लबाडी, सगळं ती सांगत राहायची आणि मिस्त्री मधूनमधून "हं" म्हणायचे. एक हं होकाराचा, एक नकाराचा, एक 'नंतर बघू'चा. तिन्ही ऐकायला सारखेच. कुठला कुठला हे ती आपल्या मनानंच ठरवायची आणि घरचा-दुकानचा गाडा पुढं हाकायची.

तिचा धाकटा भाऊ याच धंद्यातला. त्याच्या कारखान्यात हवेच्या दाबावर चालणारी पिनांची गन होती. घोडा दाबला की पिन कापडातून लाकडात. तो आला की म्हणायचा, "भावोजी, एकदा हातात धरून तर बघा."

जेवताना मिस्त्रींचं तोंड मोकळं असे, तेव्हा ते उत्तर द्यायचे. "पिना कागदाला मारतात. मी कारकून आहे का?"

"अहो, निम्म्या वेळात काम होतं."

"मग उरलेल्या निम्म्या वेळात तू काय करतोस?"

विषय तिथंच संपायचा.

एका दुपारी मिस्त्री एका आरामखुर्चीची पाठ ठोकत होते आणि बायको सकाळच्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होती. एक बाई आल्या होत्या. जुन्या सोफ्याला नवं कापड हवं म्हणाल्या. गुळगुळीत दाखवलं, नको. मऊ दाखवलं, नको. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "जरा टोचणारं नाही का तुमच्याकडं? आमचे हे बसले की उठतच नाहीत."

मिस्त्रींना हसू फुटलं. हसू वर आलं आणि त्याच क्षणी काहीतरी खाली गेलं. त्यांनी हातोडी ठेवली. उरलेल्या चुका तळहातावर थुंकल्या आणि एकटक त्यांच्याकडं बघत राहिले.

"काय झालं?" बायकोनं यंत्र थांबवलं.

"एक गेली."

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

मिस्त्रींनी पोटाकडं बोट दाखवलं.

दवाखान्यात पोटाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला आणि त्या करड्या धुक्यात चूक अशी लख्ख दिसली, की मिस्त्रींना ती कुठल्या मापाची आहे तेही ओळखता आलं. "घाबरू नका," बाई म्हणाल्या. "लहान आहे, गेली तशी बहुतेक बाहेरही येईल. पण दुखलं, ताप आला, रक्त दिसलं, तर तसेच उठून इकडं या." मग त्यांनी मिस्त्रींना आ करायला लावलं. समोरच्या दोन दातांच्या कडा झिजून खाचा पडल्या होत्या. ते बायकोनं पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्या दातांकडं इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

बातमी कळताच मेव्हणा धावत आला. भावोजी धडधाकट बसलेले पाहिले आणि त्याची जीभ सुटली. "भावोजी, आजवर ताईनं तुमच्या चुका पोटात घातल्या. आता तुम्हीच घालायला लागलात?"

मिस्त्री हसले. बायको हसली नाही. ती उठून आत गेली.

चूक दोन-तीन दिवसांत आपल्या वाटेनं निघून गेली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटो काढून तशी खात्री केली आणि मिस्त्री कामावर बसले. या खेपेला त्यांनी चुका वाटीत ठेवल्या. पण प्रत्येक चुकेसाठी कापडावरचा हात सोडायचा, वाटीत घालायचा, चूक सुलटी करायची, तोवर ताणलेलं कापड सैल. दोनदा अंगठ्यावर हातोडी बसली. दुपार झाली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की तोंडात चुका आहेत. कधी टाकल्या ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी चोरट्या नजरेनं बायकोकडं पाहिलं. तिनं ते आधीच पाहिलं होतं. तिनं मान खाली घातली आणि शिवत राहिली.

ती भांडली असती तर मिस्त्रींनी निभावून नेलं असतं. पण ती गप्प झाली. दुकानात फक्त यंत्राची खडखड आणि हातोडीची ठकठक. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्याही दिवशी. मिस्त्रींना वाटलं होतं, आपण तिचं बोलणं ऐकतो न ऐकतो. आता कळलं, की हातोडीचा ताल त्या बोलण्यावरच चालत होता. तो ताल मोडला. कापडाची नक्षी खुर्चीच्या एका हातावर सरळ आणि दुसऱ्या हातावर तिरकी बसायला लागली. शेवटी न राहवून त्यांनी चुका हातावर काढल्या.

"बोलत का नाहीस?"

"तुम्ही हसाल म्हणून."

एवढंच म्हणाली ती. मिस्त्रींनी हातातल्या चुका डब्यात परत टाकल्या.

संध्याकाळी ते उस्तादांकडं गेले. ज्यांच्या दुकानात ते विशीच्या आत काम शिकले, ते उस्ताद आता थकले होते आणि लेकीकडं राहत होते. गॅलरीत, स्वतः भरलेल्या एका खुर्चीत बसलेले. मिस्त्रींनी सगळी हकिगत सांगितली आणि मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही दिलेली सवय आहे, उस्ताद. मोडायची तर तुम्हाला विचारल्याशिवाय कशी मोडू?"

"मी दिलेली?" उस्तादांनी डोळे बारीक केले. "मी तुला कधी सांगितलं, तोंडात चुका धर म्हणून?"

"सांगितलं नाहीत. पण तुम्ही धरायचात."

"अरे, माझं दुकान आठवतं का? दुकान कसलं, बोळ तो. तीन माणसं एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसायची. चुकांची वाटी कुठं ठेवायची? खाली ठेवली की कुणाचा तरी पाय लागून सांडायची. मग रागानं एक दिवस तोंडात टाकल्या. तुझ्या दुकानात तर बैल फिरेल एवढी जागा आहे."

इतकी वर्षं जिला मिस्त्री विद्या समजत होते, ती जागेची अडचण होती.

"आणि हे बघ." उस्तादांनी तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. "सगळे काही चुकांनी गेले असं नाही म्हणत मी. पण पुढचे आधी गेले." मग पुढं वाकून, लेकीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "ती पिनांची गन म्हणतात, ती कुठं बघायला मिळेल रे?"

मिस्त्रींच्या निरोपावरून रविवारी मेव्हणा गन घेऊन दुकानात हजर झाला. हवा भरणारं यंत्र त्यानं मागच्या पायरीवर ठेवलं आणि नळी आत ओढली. उस्ताद लेकीचा हात धरून आले. पहिला मान त्यांनीच घेतला. एका फळीवर त्यांनी घोडा दाबला, गननं हाताला हिसका दिला आणि उस्ताद लहान पोरासारखे खिदळले. मग थांबेचनात. फळीवर पिनांची वेडीवाकडी रांग उमटली. लेक म्हणाली, "बाबा, पुरे." उस्ताद म्हणाले, "थांब गं, आत्ता कुठं हात बसतोय."

मिस्त्रींचा हात मात्र सहजी बसला नाही. पहिली पिन कापड फाडून आरपार गेली. दुसरी निम्मी वर राहिली. तिसरीनं बायकोनं कालच घातलेली शिवण उसवली. मिस्त्रींनी गन खाली ठेवली.

"हे आपलं काम नव्हे."

"दाब जास्त झालाय," मेव्हणा म्हणाला. "कमी करून देतो. आणि भावोजी, ठोकू नका हो. हातोडी नाहीये ती. नुसती टेकवा."

टेकवा! ज्या हातानं जन्मभर ठोकलं, त्याला टेकवायला शिकवणं सोपं नव्हतं. टाकाऊ कापडावर मिस्त्रींनी कितीतरी दिवस सराव केला. मनातून चडफडत, पण केला. हळूहळू हाताला उमगलं. खुर्चीचं बूड आणि पाठ गननं झटक्यात होऊ लागली. खुर्चीच्या हातांच्या गोलाईवर आणि कोपऱ्यांतल्या घड्यांवर मात्र पिन नीट बसेना, तिथं त्यांनी चुकाच ठेवल्या. पण त्या मनगटाला बांधलेल्या लोहचुंबकाच्या पट्ट्यावर. तो पट्टा बायकोनं शिवला. त्याचं अस्तर कसल्या कापडाचं, ते मेव्हण्यानं विचारलं, तर म्हणाली, "न टोचणाऱ्या."

आणि ती पुन्हा बोलू लागली. पहिल्याच दिवशी तिनं काहीतरी सांगितलं आणि मिस्त्री सवयीनं म्हणाले, "हं."

"आता कसला हं? तोंड रिकामं आहे ना?"

मिस्त्री गोंधळले. तोंड रिकामं होतं खरं, पण त्यात काय घालायचं ते सुचेना. लग्नाला इतकी वर्षं झालेली बायको समोर बसलेली आणि नव्या पाहुण्यासारखं बोलायचं काय हा प्रश्न. शेवटी म्हणाले, "आज ऊन बरं आहे." बायको यंत्रावर डोकं टेकवून हसत सुटली.

पुढं तोंड सैलावलं, आणि जरा जास्तच सैलावलं. तिनं धागा कुठला वापरावा, शिवण कुठं दुमडावी, शेजारणीनं जावेला काय उत्तर द्यायला हवं होतं, सगळ्यावर मिस्त्रींचं मत निघू लागलं. एकदा ती वैतागून म्हणाली, "एखादी चूक देऊ का तोंडात?" दोघांची चांगली जुंपली. पण त्या जुंपण्यातूनच एक जुनी गोष्ट वर आली.

"खोळी करू म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "चेन लावलेल्या. काढल्या, धुतल्या, पुन्हा घातल्या. लोकांना कापड मळतं म्हणून सगळी खुर्ची उसवून घ्यावी लागते. तुम्हाला विचारलं होतं."

"कधी?"

"तेव्हा धाकटी रांगत होती."

धाकटी लेक आता नोकरीला लागली होती. मिस्त्रींनी गन बाजूला ठेवली. "मग मी काय म्हणालो?"

"हं म्हणालात."

"तो होकाराचा असेल."

"मला नकाराचा वाटला."

खरं सांगायचं तर त्या हंचा अर्थ मिस्त्रींनाही आठवत नव्हता. कदाचित त्यांनी ऐकलंच नसेल. मग त्यांना दिसलं, की खोळ म्हणजे शेवटचं कापड ठोकायचंच नाही. ना चुकेनं, ना पिनेनं. म्हणजे आपल्या हाताचं निम्मं काम तिच्या हातात जाणार. हे कळूनही ते म्हणाले, "कर की. मला काय करावं लागेल ते सांग."

"स्पंज नेमक्या मापाचा कापावा लागेल. आजवर तुम्ही ताणून झाकत होतात, तसं चालणार नाही."

"झाकत होतो?"

"झाकत होतात."

पहिल्या चार खोळी बिघडल्या. दोन घट्ट, एक ढगळ, एकीची चेन उलट्या बाजूला. मिस्त्री स्पंज कापताना सवयीनं बोटभर जास्त ठेवत आणि ती तो परत पाठवी. पाचवी खोळ खुर्चीवर चढली, ती हातमोजा बसावा तशी. दोघांनी आळीपाळीनं त्या खुर्चीत बसून पाहिलं. मग मिस्त्रींनी खोळ काढून पुन्हा घातली, उगाचच.

पहिलं मोठं काम आलं ते एका पाळणाघराचं. बुटक्या खुर्च्या, खिडकीखालचं एक लांब बाकडं, आणि मुलांनी दिवसभर सांडलेलं दूध. पाळणाघराच्या बाई आधीच्या मिस्त्रीला कंटाळल्या होत्या. डाग धुवायला खुर्ची दिली, की तो पंधरवडाभर खुर्ची परत देत नसे. खोळी घेऊन दोघंही गेले. मिस्त्रींनी गुडघे टेकून बाईंना दाखवलं, चेन कुठं लपलीय, स्पंज कसा दुमडून बाहेर काढायचा, कापड उन्हात उलटं का वाळत घालायचं, रंग टिकतो तो कसा. ते सांगत होते, सांगतच होते. तीन पोरं त्यांच्या खांद्याला लागून उभी होती आणि एकानं चेन उघडमीट करायचा ताबा घेतला होता.

"छानच झालंय," बाई म्हणाल्या. "ही कल्पना तुमची?"

"हिची," मिस्त्री म्हणाले. "मी नुसतं आतलं भरलंय."

त्यांनी मागं वळून पाहिलं. ती तिथं नव्हती. पलीकडच्या खोलीत, मुलं झोपायची तिथं, ती एका गादीशी वाकून टेपानं माप घेत होती.

"अहो," तिनं हाक मारली, "जरा टेपाचं दुसरं टोक धरा बघू. गादीलाही खोळ करता येईल."

मिस्त्री उठले आणि टोक धरायला गेले.