जमिनीला न लागलेल्या कड्या

आमची रेजिमेंट तेव्हा पंजाबात होती. मी नायब रिसालदार, टी-७२ टँकचा कमांडर. माझा ड्रायव्हर लान्स दफादार रघुनाथ, कोलशेतचा कोळी. मी वर्तकनगरचा, म्हणजे दोघंही ठाण्याचे. आमचं आपसात मराठीत चालायचं आणि बाकीचा क्रू वैतागायचा.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी पीटी, मग टँकची देखभाल. टँकचा ट्रॅक म्हणजे पिनांनी जोडलेल्या लोखंडी कड्यांचा पट्टा. रघुनाथ एकेक कडी हातोडीने वाजवून बघायचा. मी म्हणायचो, अरे, बायकोकडे तरी एवढं लक्ष देतोस का? तो म्हणायचा, ती रस्त्यात बंद पडत नाही, साहेब.

युद्धसरावाची एक्सरसाइज चालू होती. दुपारी कॅनॉलच्या बांधावर चढताना आमचा डावा ट्रॅक उतरला. टँकचा मागचा भाग चिखलात रुतला, तोंड बांधावर. रघुनाथने वाकलेल्या कड्या काढून नव्या घातल्या आणि जमिनीपासून उंच राहिलेल्या पुढच्या चाकाजवळ ट्रॅक जोडला. सगळा पट्टा चिखलाने लडबडलेला आणि मध्येच त्या कोऱ्या, काळ्या कड्या. आता दुसऱ्या टँकने आम्हाला ओढायचं होतं. रोप, म्हणजे तारेचा जाड दोर, लावला. रघुनाथ हुक तपासायला खाली वाकला. रेडिओवर घाई सुरू झाली.

“जल्दी करो. ओव्हर.”

“रुको. मेरा आदमी बाहर है. ओव्हर.”

माझं बोलणं संपायच्या आत समोरचा टँक हलला. रोप तुटला आणि उलटा त्याच्यावर आला. रघुनाथ जागीच गेला. समोर शत्रू नव्हता, गोळी सुटली नव्हती. कुणाला तरी अंधार पडायच्या आत सराव उरकायचा होता, बस. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही.

रिटायर झाल्यावर मी टँकची छोटी मॉडेल्स करायला लागलो. रघुनाथची बायको सुनंदा एकदा घरी आली. टेबलावरचे टँक बराच वेळ बघत बसली. म्हणाली, गावात लोक विचारतात, नवरा लढाईत गेला का? नाही म्हटलं की विषय बदलतात. मग म्हणाली, त्यांनी शेवटचं काय काम केलं ते मला बघायचंय. मी शब्द दिला.

आमचा तो टँक मी बनवला. ट्रॅकला आधी गडद तपकिरी रंग दिला. कडांवर पेन्सिलीचं शिसं घासलं, त्याने झिजलेल्या लोखंडाची चमक येते. मग मातकट रंगाची पूड थिनरमध्ये कालवून चिखल चढवला. पुढच्या चाकाजवळच्या कड्यांना मात्र नुसता काळा रंग दिला, चिखल लावला नाही. तो जिवंत असेपर्यंत त्या जमिनीला लागल्याच नव्हत्या.

ठाण्यात मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं, स्पर्धाही. शनिवारी मी टँक नेऊन ठेवला. सुनंदाला रविवारी बोलावलेलं. रविवारी तिच्या आधी पोचलो आणि बघतो तर सगळा ट्रॅक सारखा चिखलाने माखलेला. कोरी कडी एक नाही. डोंबिवलीचा केदार, प्रदर्शन भरवणाऱ्यांपैकी एक, हसत पुढे आला. म्हणाला, काका, तेवढा पॅच राहून गेलेला, जजेसनी मार्क कापले असते, म्हणून मीच मारून दिला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“कुणाला विचारून हात लावलास?”

तो चाचरत म्हणाला, पण काका, मध्येच स्वच्छ कड्या लॉजिकल वाटत नव्हत्या. लॉजिकल! मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर त्याने चिखल केलाही होता झकास, त्याने तर मी जास्तच पेटलो. एका माणसाचं शेवटचं काम त्याने मार्कांसाठी बुजवून टाकलं होतं.

थिनर आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घेऊन मी तिथेच बसलो. जोर लावला तर खालचा रंगही निघाला असता. म्हणून मनगट टेबलावर दाबून धरलं. अर्ध्यात असताना सुनंदा आली आणि मागे उभी राहिली. एकेक कडी उघडी पडत गेली. मी म्हटलं, ह्या त्याने बसवलेल्या. मग ते कसं झालं तेही सांगितलं, काही न झाकता.

केदार बाजूलाच होता. त्याचा चेहरा उतरलेला. हळूच म्हणाला, सॉरी काकू, कुठल्या युद्धात...? मी परत उसळणार होतो, पण तीच आधी बोलली.

“युद्ध नव्हतं रे. कामावर होते.”

मग ती वाकली आणि त्या कड्या जवळून बघितल्या.

“साहेब, त्यांनी जोडलेलं टिकलं?”

“टिकलं. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर टँक बाहेर आला. मी स्वतः चालवला.”

तिने पदराने डोळे पुसले.

“एवढं तरी कुणी मला सांगायचं होतं.”