डायलिसिसच्या खोलीतली आमची मॅटिनी

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास त्याच खोलीत बसलं की किस्से साठणारच. आमच्या साड्यांच्या दुकानात कोणी "वहिनी कशा आहेत?" असं विचारलं की मी एखादा सांगून टाकतो. खरं उत्तर देण्यापेक्षा ते सोपं पडतं.

खरं उत्तर असं: सुषमाच्या दोन्ही किडन्या गेल्या. मला शुगर, म्हणून माझी किडनी तिला चालत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीनवर जायचं. आणि ती मधूनमधून म्हणते, "बस झालं आता. बंद करू!" म्हणून सिनेमे, पुस्तकं, सुट्ट्या, जे सुचेल ते मी तिच्यापुढे करतो.

*

लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण सिनेमावरून आमचं कधी पटलं नाही. मला मारामारी हवी, तिला रडारड. मशीनवर पहिल्याच आठवड्यात निकाल लागला.

"सुई माझ्या हातात, तर सिनेमाबी माझाच!"

मोबाईल धरून बसलो. शेवटी आई मरते तिथे हुंदका ऐकून सिस्टर धावत आली. "काकू, रडू नका, बीपी वाढेल!"

"मी कुठं रडून राहिली? यायले पाहा!" सुषमानं माझ्याकडे बोट दाखवलं.

*

बाजूच्या खाटेवर कमलाबाई असायच्या, लाखांदूरकडच्या. नवरा सुखदेव तलावात मासेमारी करतो. दोघं पहिल्या एसटीनं यायचे. मी सुषमाला रहस्यकथा वाचून दाखवायचो, तेव्हा कमलाबाईही कान देऊन ऐकायच्या. मी मुद्दाम ऐन रंगात पुस्तक मिटायचो. पुढचं ऐकायला सुषमानं यावंच, हा माझा डाव!

एका शुक्रवारी असंच पुस्तक मिटलं, तर कमलाबाई मान उचलून म्हणाल्या, "अजी भाऊ, खून कोनं केला ते सांगून द्या ना! सोमवारी मी असन का नसन!"

सगळी खोली हसली. मी सांगून टाकलं. डाव फुकट गेला, आणि राग कोणावर काढावा तेही कळेना.

*

सुषमाला समुद्र बघायचा होता. शुक्रवार ते सोमवार, मध्ये दोनच दिवस. जाऊन येणं शक्यच नाही.

"आमचा तलाव का बारका हाय जी?" सुखदेव म्हणाला.

शनिवारी गेलो. त्यानं आम्हाला त्याच्या डोंग्यात, छोट्या होडीत, बसवून फिरवलं. सुषमाला पाणी मोजूनच प्यावं लागतं. डोंगा तलावाच्या मधोमध आला आणि ती खो खो हसायला लागली. "एवढं पाणी, अन् मले दोन घोट!" हसता हसता रडायला लागली. सुखदेव दुसरीकडे बघत वल्हं मारत राहिला.

कमलाबाईंनी घरी स्वतःसाठी आणि सुषमासाठी बिनमिठाचा रस्सा केला होता. सुखदेवच्या आणि माझ्यासमोर मिठाची वाटी ठेवायला त्या विसरल्या नव्हत्या. आम्हीच ती घेतली नाही.

*

मागच्या महिन्यात एका सोमवारी कमलाबाईंची खाट रिकामी दिसली. रविवारीच गेल्या, असं सिस्टर म्हणाली. घरी आल्यावर सुषमानं सांगून टाकलं, "बुधवारी मी येत नाही."

मी ओरडलो. "तुले काय, तू सुटशील!" असंसुद्धा बोलून गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला माझीच लाज वाटली, पण माफी काही मागता आली नाही.

बुधवारी सकाळी मी बूट घालून नुसताच बसलो होतो. तिला उठ म्हणायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात दारात सुखदेव! घरात सुतक, आणि हा पहिल्या एसटीनं आलेला.

"वहिनी, चाला. टाइम होऊन राहिला."

सुषमा त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि चप्पल घातली.

चारही तास तो आमच्याजवळ स्टुलावर बसून होता. सिस्टरनं हळूच विचारलं, "काका, तुम्ही आज कोणासोबत?"

"या वहिनीसोबत," तो म्हणाला. "घरी हे चार तास सरत नाही जी मले."

दोन वाजता मशीन बंद झालं. तो उठला. "शुक्रवारी याच टाइमले ना?"

मी सुषमाकडे बघितलं. ती सुईच्या जागी कापूस दाबून बसली होती.

"हो भाऊ," ती म्हणाली. "पहिली गाडी चुकवू नका."