पहिली आली, पण प्रोब लावता आला नाही

आज सीतापुऱ्यातल्या आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल होतं. मी शिकवते तिथेच, परीक्षकही मीच.

पूर्वा लेखी परीक्षेत दर वेळी पहिली येते. आज ती ऑसिलोस्कोपसमोर वीस मिनिटं नुसती उभी होती. त्याची मोजणीची वायर, म्हणजे प्रोब, सर्किटवर कुठे लावायचा, तेच तिला कळेना.

"दोन वर्षं लॅबमध्ये काय केलंस?"

इथे सगळे हिंदी बोलतात, पण माझ्यासारखंच तिच्याही घरी मराठी बोलतात. ती हळूच म्हणाली, "मॅम, मतलब, वायरिंग मुलं करतात. मी रीडिंग लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे ना."

तिच्याच गटातला रोहित मागून हसला. "मॅम, इसे करंट से डर लगता है."

"तुमने कभी छूने दिया?" पूर्वाने वळून विचारलं.

तो पास झाला, ती नापास. पुढच्या आठवड्यात नोकरभरतीसाठी कंपनी येतेय, आता तिला मुलाखतीला बसता येणार नाही. नियमाने गुण बरोबर आहेत. मी ते बदलले नाहीत.

सगळे गेल्यावर त्यांच्या गटाची फाइल उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पूर्वाचं अक्षर. प्रत्येक प्रयोगाखाली 'व्हेरी नीट' असा शेरा आणि माझी सही.

तुमच्या गटात वायर कोण लावायचं? आणि ते कुणी कधी विचारलं होतं का?