आत्याचा शेरा

हाताने केल्याशिवाय विद्या पुरी होत नाही, आणि विद्यार्थ्याने कारखान्याचा उंबरठा ओलांडल्याशिवाय देश पुढे जात नाही. हे मी म्हणत नाही. आमच्या कॉलेजच्या जिन्यालगतच्या भिंतीवर ते तेलरंगात लिहिलं होतं. लिहायला पेंटरला तीन दिवस लागले. रंग ओला म्हणून जिना बंद ठेवला होता, आणि प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर असल्यामुळे त्या तीन दिवसांची आमची प्रॅक्टिकल्स रद्द झाली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईत पूर्वेला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. आपली मुलं तिथे लागावीत म्हणून कॉलेजने प्रशिक्षण योजना काढली. उद्घाटनाला शाल होती, नारळ होता आणि वाऱ्यामुळे चार वेळा विझलेली समई होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी दिवाळीच्या सुटीत एकवीस दिवस प्रत्यक्ष उत्पादनाच्या ठिकाणी काम करायचं, तिथल्या प्रमुखाने फॉर्मवर शेरा लिहायचा, मग प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र असेल त्यालाच मुंबईच्या एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीच्या मुलाखतीचं पत्र. ते पत्र मला हवं होतं. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलीपुढे तेव्हा दोनच रस्ते होते, बी.एड. आणि लग्न, आणि घरात दोन्हींची चौकशी सुरू झाली होती.

सुटीआधी आम्हाला एका सरबताच्या कारखान्यात पाहणीसाठी नेलं. जमिनीवर पिवळी रेघ मारली होती. यंत्रं रेघेपलीकडे, आम्ही अलीकडे. मालकांनी सांगितलं की विद्यार्थ्यांनी रेघ ओलांडायची नाही. अलीकडे बसून बाटल्यांना लेबलं लावायची. एका मुलीने सरबत कसं टिकतं ते विचारलं. ते पलीकडचं काम आहे, असं उत्तर मिळालं.

मी योजनेच्या प्रमुख सरांकडे गेले. सर सफारी घालत, आणि योजना निघाल्यापासून खिशाला दोन पेनं लावू लागले होते. मी म्हटलं, मला माझ्या आत्याकडे प्रशिक्षण घ्यायचं आहे. ती सुकेळी करते, केळी उन्हात वाळवून.

"घरकाम म्हणजे प्रशिक्षण नव्हे," सर म्हणाले.

मी फॉर्म पुढे केला. त्यावर छापलं होतं, "जेथे उत्पादन होते असे कोणतेही ठिकाण." आत्याची सुकेळी वसईच्या बाजारात जात होती, दादरच्या दोन दुकानांत जात होती, आणि एकदा सरांच्याही घरी गेली होती. त्याची मी सरांना आठवण करून दिली. सरांनी दोन्ही पेनं तपासली आणि एकाने सही केली.

आत्या गिरीजला आमच्याच वाडीत राहत असे, वडिलांची थोरली बहीण. चौथीपर्यंत शिकलेली. पेपर रोज वाचायची, निधनवार्तांपासून सुरुवात करून. राजेळी केळी पिकवून, सोलून, बांबूच्या मांडवावर चटया टाकून ती वाळवायची, हे तिचं चाळीस वर्षांचं काम. तिचं मोजमाप दिवसांत नसे, उन्हांत असे. ढगाळ दिवस धरायचा नाही. सुकेळ्यांना सात उन्हं लागत. सातव्या उन्हानंतर ती एक सुकेळं उचलून दोन बोटांत दुमडायची. तडकलं तर फुकट, बोटाला चिकटलं तर अजून एक ऊन.

तू आता प्रशिक्षण प्रमुख आहेस, असं मी तिला सांगितलं.

"मला कुणी विचारलं?"

"मी विचारतेय."

"सोलायला बस मग."

पहिले आठ दिवस मी फक्त सोलत होते. केळीच्या चिकाने बोटं काळी पडली. तो डाग साबणाने जात नाही, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. नवव्या दिवशी आत्याने मला एका घडाची केळी स्वतंत्र दिली. हा तुझा माल, म्हणाली, आणि आपल्या चटईकडे वळली.

आता माझी हुशारी. आत्या रोज संध्याकाळी सगळी केळी मांडवावरून उतरवून टोपलीत रचायची आणि वर केळीची पानं दाबून झाकायची. सकाळी उघडली की ती घामेजलेली, ओलसर, चकचकीत. मी तीन वर्षं विज्ञान शिकले होते. वाळवणं म्हणजे पाणी काढणं. दिवसभर काढलेलं पाणी संध्याकाळी झाकून परत मुरवायचं, हे मला बुरशीला आमंत्रण वाटलं. मी माझा माल झाकला नाही. पडवीत, वारा लागेल अशा फळीवर पसरून ठेवला. वहीत तापमान लिहिलं. आत्याने पाहिलं. मग ती आपली टोपली झाकायला गेली. मी ते संमती म्हणून घेतलं.

माझा माल पाचव्या उन्हालाच वाळला. आत्याची दोन उन्हं मी वाचवली होती. मी त्याचा आलेखही काढला.

एकविसाव्या दिवशी फॉर्म आत्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला, माझ्या मालातलं एक उचललं आणि दुमडलं. ते तडकलं. दुसरं तडकलं. तिसरं दुमडलंच नाही, सरळ मोडलं. रंगही लाकडासारखा होता. आत्याच्या चटईवरची सुकेळी मधाच्या रंगाची होती, आणि ती कशीही वळवली तरी वळत होती.

"आतलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून रात्री झाकायचं," आत्या म्हणाली. "तू बाहेरूनच दार लावलंस."

मग तिने शेऱ्याच्या रकान्यात, चौथीतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: "अजून जमलेले नाही. पुढल्या हंगामात यावे."

वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी फॉर्म वाचला आणि सुपारी कातरायची थांबवली. ते म्हणाले, कॉलेजातून दुसरा कोरा फॉर्म आण, शेरा मी लिहितो, ताईने नुसती सही करावी.

"मी करेन की सही," आत्या म्हणाली. "पण तू पाहिलीस का तिची सुकेळी?"

"ताई, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मग तिला येतं असं लिहू? उद्या त्या कंपनीत दुमडायला दिलं तर?"

वडिलांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मला तिचा राग आला होता, हे खरं आहे. तीन आठवडे राबून भावाच्या मुलीला दोन गोड शब्द मिळू नयेत? पण एक गोष्ट मला दिसत होती. त्या सगळ्या योजनेत माझं काम हातात घेऊन पाहणारं माणूस एकच होतं, आणि आम्ही नेमकं त्याचंच म्हणणं बदलायला निघालो होतो. दुसरा फॉर्म आणणार नाही, असं मी वडिलांना सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यातला एक दिवस भाऊबीजेचा होता, म्हणून आत्याशी मात्र त्यांना बोलावं लागलं.

कॉलेज उघडल्यावर सरांनी फॉर्म उभ्याउभ्याच वाचला आणि मग बसून वाचला.

"असा शेरा कुणी लिहितं का? त्या सरबतवाल्यांनी बावीसच्या बावीस मुलांना 'उत्कृष्ट' दिलंय."

"त्यांना लेबलं लावता येतात, सर. मला सुकेळी येत नाहीत."

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. आत्या घरचीच ना? बदलून आण."

"घरची आहे म्हणून तर बदलणार नाही."

सरांनी मला समजावलं. मग दमात घेतलं. मग प्राचार्य, कॉलेजचं नाव आणि देश या क्रमाने सगळ्यांची आठवण करून दिली. अशा शेऱ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय मुलाखतीचं पत्र मिळत नाही, हेही सांगितलं. मी म्हटलं, मग नको. फॉर्म टेबलावर ठेवला आणि भिंतीवरचं तेलरंगातलं वाक्य वाचत जिना उतरले. त्यातला "उंबरठा" एव्हाना निम्मा पुसला गेला होता, कारण मुलं तिथे पाठ टेकून उभी राहत.

घरी सांगितलं. वडिलांनी बी.एड.ची माहिती काढली. आत्याने नवा घड उतरवला आणि या खेपेला मला टोपली झाकायला लावली.

जानेवारीत प्रमाणपत्रांचा समारंभ झाला. पुन्हा समई, पुन्हा शाल. मी शेवटच्या रांगेत बसले होते, मैत्रिणींच्या नावांना टाळ्या वाजवायला. तेविसावं नाव माझं पुकारलं. मला वाटलं चूक झाली, म्हणून उठलेच नाही. दुसऱ्यांदा पुकारल्यावर उठले. सरांनी माझ्याकडे न बघता लिफाफा दिला. कारकुनाला मागाहून विचारलं, तर तो म्हणाला, शेऱ्याचा रकाना भरलेला आहे ना, एवढंच तो बघतो.

लिफाफ्यात मुलाखतीचं पत्र होतं आणि प्रमाणपत्र होतं. प्रमाणपत्रावर माझं नाव तेवढं हाताने लिहिलेलं. "दिवाळीच्या सुटीतील एकवीस दिवसांचे प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण केले" हे सगळं छापील होतं. खाली तारीखही छापील होती. ती दसऱ्याची होती.