हडळीच्या पदराची चिठ्ठी

आमच्या हेंद्रेपाड्यात पोरं भुताला घाबरत नाहीत, त्याचं श्रेय भीमरावच्या धम्मदीपला. पोरगा बी.एड. झालेला, पण दोन हजार चारच्या सुमाराला त्यानं भुताचा शिनेमा काढला. उल्हासनगरच्या एका बंद कारखान्यात शूटिंग, अन् हडळ झाली त्याची आत्या सखूबाई. पांढरी साडी सिंध्याच्या दुकानातून परतीच्या बोलीवर आणलेली, म्हणून किमतीची चिठ्ठी न काढता पदरात खोचली. सखूबाई केस सोडून धावली तशी चिठ्ठी बाहेर लोंबायला लागली.

गावच्या मंडळाच्या पडद्यावर शिनेमा लावला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हडळ सेलमधून आलीय रे." सगळा मंडप हसला. मीही हसलो. सर्वांत जास्त सखूबाई.

"झालास ना डायरेक्टर?" भीमराव पोराला म्हणाला. "आता मास्तर हो, नाहीतर माझ्यासोबत कंपनीत चल."

अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञानाची जागा निघाली. मुख्याध्यापिका भावनाबाई म्हणाल्या, "भुतं दाखवणारा माणूस काय शिकवणार? एक तास घ्या, मग बघू." हा तास फसला की कंपनी ठरलेली. धीराला म्हणून धम्मदीपनं मला नेलं. मी बाईंशेजारी मागच्या बाकावर.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी उत्तर आधी सांगत, प्रश्न छडी विचारायची. ह्यानं टेबलावर काहीतरी पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवलं अन् गप्प उभा राहिला. भूत लवकर दाखवायचं नाही, हा त्याचा जुना डाव. पोरं माना लांब करायला लागली. मीही केली.

तेवढ्यात पुढची एक मुलगी म्हणाली, "सर, कापडाला चिठ्ठी आहे."

वर्ग फिस्सकन हसला. पठ्ठ्यानं कापडही परतीच्या बोलीवरच आणलेलं. त्याचा चेहरा उतरला. मला तो मंडप आठवला. मग तो हळूच म्हणाला, "तुझं नाव काय?"

"वैष्णवी."

"एवढ्या जणांत वैष्णवीनं नीट बघितलं. विज्ञान इथूनच सुरू होतं. आता सगळे असंच बघा."

कापड काढलं. खाली मेणबत्ती अन् काचेची बरणी. मेणबत्ती पेटवली अन् बरणी उपडी करून तिच्यावर इतकी सावकाश आणली, की मीसुद्धा श्वास रोखला. ज्योत बारीक झाली, विझली.

"का विझली?" त्यानं विचारलं. घंटा झाली तरी एकही पोर उठेना. "सर, परत दाखवा."

भावनाबाई उठल्या. "सोमवारपासून या, सर. कापड तेवढं परत करा."

ते काही परत गेलं नाही. शाळेच्या कपाटात आहे, चिठ्ठीसकट.